होडीतलं डोहाळजेवण

दमदमा तलावाला जायचं असेल तर शनिवारी जाऊ नका. शनिवारी गुडगावच्या कंपन्या आपली माणसं बसमध्ये भरून तिथे आणतात, आणि जी एक मोठी होडी आहे ती सकाळीच त्यांच्या ताब्यात जाते. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता, कारण आमच्या मालूताईंना पंचांगात तोच दिवस दिसला होता, आणि मालूताईंना एकदा दिवस दिसला की तो हलत नाही.

मालूताई आमच्या महिला मंडळाच्या अध्यक्षा. आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत राहणाऱ्या आम्ही पंधरा-वीस मराठी बायका, नवऱ्यांच्या नोकऱ्यांपायी दिल्लीत आलेल्या आणि इथेच केस पिकलेल्या. मंडळाने आजवर झोपाळ्यावरचं डोहाळजेवण केलं होतं, गच्चीवर चांदण्यातलं केलं होतं, शेजारच्या बागेतलंही झालं होतं. होडीतलं तेवढं राहिलं होतं. दिल्लीत होडी कुठली आणायची? यमुनेत करायचं तर सगळ्यांनी नाक धरून गाणी म्हणायची का? मालूताईंच्या मनात ते कित्येक वर्षं रुतून बसलं होतं. शेवटी दमदम्याचा तलाव त्यांना कुणीतरी सुचवला आणि पोटुशी म्हणून माझी सून केतकी सापडली.

मी सरळ नाही म्हटलं होतं. केतकीचं आदल्या वर्षी पाचव्या महिन्यात गेलं होतं. तेव्हा सगळं मंडळ तिला भेटायला आलं, नारळपाणी घेऊन, गळ्यात पडून रडून गेलं, आणि ती पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. आता पुन्हा सातवा लागला होता. माझा मुलगा निखिल कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत, ही गुडगावच्या उंच सोसायटीत एकटी. ये आमच्याकडे राहायला म्हटलं तर म्हणे, ऑफिस इथून जवळ आहे. फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायची. अशात हिला होडीत बसवायचं? पण डॉक्टरीणबाईंनी हरकत घेतली नाही आणि केतकी स्वतःच म्हणाली, चालेल की आई, जाऊया. ती पुण्याची असून कशालाच नाही म्हणत नाही. मला हा स्वभाव कळत नाही. मी सांगलीची. नको असेल तर नको म्हणावं आणि मोकळं व्हावं.

सोहन्याचा रस्ता

नोव्हेंबरातली सकाळ होती. भाड्याच्या मिनीबसमध्ये आम्ही शालू, नथी आणि डबे घेऊन चढलो. मुनिरक्याच्या वळणावर चहाच्या टपरीशी विद्यापीठातली पोरं उभी होती, रात्रभर जागल्यासारखी. इतक्या सकाळी इतक्या नथी पाहून त्यांच्या हातातले ग्लास तसेच राहिले. मालूताईंनी त्यांना खिडकीतून हात केला.

तेव्हा गुडगावला मेट्रो यायची होती आणि त्याचं गुरुग्रामही झालेलं नव्हतं. रस्त्याच्या एका बाजूला काचेची ऑफिसं उभी, दुसऱ्या बाजूला अर्धवट बांधलेले मनोरे, आणि त्या मनोऱ्यांच्या पायाशी डबक्यात म्हशी बसलेल्या. जिकडेतिकडे मोठाल्या पाट्या, त्यांवर हसरी कुटुंबं आणि हिरवळ. प्रत्यक्षात हिरवळ कुठेच दिसेना. मालूताई म्हणाल्या, पुण्यातही आता असंच झालंय म्हणे. मी म्हटलं, म्हशी तरी राहू द्यायच्या.

केतकीच्या सोसायटीखाली गाडी थांबली. मंडळाने पाठवलेली हिरवी साडी नेसून ती खाली उभी होती. चेहरा उतरलेला. मी तिला खिडकीपाशी माझ्या शेजारी बसवलं, आणि लगेच पुढच्या सीटवरून, मागच्या सीटवरून प्रश्न सुरू झाले. पाय सुजतात का, आंबट खावंसं वाटतं का, पोट पुढे आहे म्हणजे मुलगा, नाही नाही तोंडावर तेज आहे म्हणजे मुलगी. सुशीला गायकवाड तेवढी गप्प होती. सुशीला नगरची, ख्रिस्ती, एका सरकारी इस्पितळात सिस्टर. मंडळात अळूवड्या कराव्यात तर तिनेच. तिने डबा उघडून एक वडी केतकीपुढे धरली. केतकीने मान हलवली. मी सांजोरी दिली, तीही नको.

तिचा एक हात पोटावर होता. मधूनमधून ती दोन बोटांनी एकाच जागी हलकेच दाबत होती आणि बाहेर बघत होती. दुखतंय का, मी विचारलं. नाही आई, म्हणाली. मला वाटलं, निखिलची आठवण येत असेल. मग वाटलं, हा सगळा थाट हिला नको असेल आणि तोंड उघडून सांगता येत नसेल. आणि खरं सांगायचं तर मला राग आला. लोकांनी पहाटे उठून साखरभात केलाय, तू निदान हसावंस की नाही? मी खिडकीची काच वर केली आणि पुढे बघत बसले.

काठ

सोहन्याच्या अलीकडे रस्ता डावीकडे वळतो, कीकरची काटेरी झाडं सुरू होतात, आणि मग एकदम अरवलीच्या उघड्या तपकिरी टेकड्यांमध्ये पाणी दिसतं. पाणी फार सुंदर होतं. वारा नव्हता. पलीकडच्या टेकडीची सावली पाण्यात जशीच्या तशी पडली होती. डोंगर म्हणजे हिरवा अशी ज्यांची समजूत आहे त्यांना हे डोंगर आवडणार नाहीत. मला आवडले. उगाच नटलेले नव्हते.

पण काठावर एका कंपनीचा फलक, लाउडस्पीकर, आणि एकाच रंगाचे टी-शर्ट घातलेली तीसेक तरुण माणसं रस्सीखेच खेळत होती. मोठी होडी त्यांनी दिवसभरासाठी घेतली होती. आता काय उरलंय, मालूताईंनी विचारलं. होडीवाल्याने बोट दाखवलं. पायाने चालवायच्या हंसाच्या आकाराच्या बोटी, आणि एका वल्ह्याने चालवायच्या लांब, अरुंद, हिरव्या फायबरच्या होड्या. कनू, तो म्हणाला. दोघंच बसतात.

फोनवर आम्ही फक्त होडी आहे ना एवढंच विचारलं होतं. केवढी आहे ते पंधरा-वीस बायकांतल्या एकीलाही विचारावंसं वाटलं नव्हतं. झेंडूचं तोरण मोठ्या होडीच्या मापाने केलेलं, ते त्या हिरव्या होडीला दोन वेढे घेऊनही उरलं.

पेडल मारायचं सातव्या महिन्यात शक्य नव्हतं, म्हणून हंस बाद. राहिली कनू. होडीवाला वल्हवायला तयार होता, पण मालूताईंना ते पसंत पडेना. बनियनवरचा परका पुरुष डोहाळजेवणाच्या फोटोत? फोटो पुण्याला विहिणीकडे जायचे होते. मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी पाठीला भोपळा बांधून कृष्णेत पोहायला शिकले हे मी मंडळाला इतक्या वेळा ऐकवलंय, त्याची फळं भोगणं भाग होतं. मी म्हटलं, मी नेते. पण दोघींनी लाइफ जॅकेट घालायचं, नाहीतर माझ्याच्याने होणार नाही.

त्यावरून भांडण झालं. फुलांचे दागिने, कंबरपट्टा, मुकुट, आणि त्यावर भडक नारिंगी जॅकेट? मालूताई जवळजवळ रडायला आल्या. मी ऐकलं नाही. केतकीचं जॅकेट पोटावर बंद होईना, तेव्हा खालचा पट्टा मोकळा ठेवून वरचे दोन आवळून बांधले. बेत असा ठरला की मी तिला बाजूच्या टेकडीच्या पाण्यात घुसलेल्या नाकापर्यंत नेऊन परत आणायचं, आणि परत येताना काठावरून गाणी म्हणत फोटो काढायचे. होडीत पेढा आणि बर्फी झाकलेल्या दोन चांदीच्या वाट्या ठेवल्या. त्यातली एक तिने पाण्यावर उघडायची. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी.

पाणी

केतकीला मी होडीच्या तळाशी, गोधडीची घडी करून, माझ्याकडे तोंड करून बसवलं. होडीवाल्याने मला वल्हं कसं धरायचं ते दाखवलं आणि तो पुन्हा झाडाखाली जाऊन आडवा झाला. पहिल्यांदा मी एकाच बाजूने वल्हवलं, तर होडी स्वतःभोवती फिरायला लागली आणि काठावर हशा पिकला. मग जमलं. एकदा इकडे, एकदा तिकडे, पाण्याला मागे ढकलायचं आणि वल्हं वर काढताना जरा वाकडं करायचं. खांदे दुखायला लागले, पण बरं वाटलं. कितीतरी वर्षांनी मी पाण्यावर होते. खाली हिरव्या शेवाळाचे लांब केस हलत होते, एक खंड्या पाण्याला चाटून गेला. मी केतकीला सांगलीच्या घाटाबद्दल सांगत होते, माझ्या वडिलांबद्दल, भोपळा फुटला तेव्हा काय झालं त्याबद्दल. ती ऐकत होती की नाही कुणास ठाऊक.

टेकडीचं नाक वळलो आणि लाउडस्पीकरचा आवाज पार विझला. काठ दिसेनासा झाला. नुसतं पाणी आणि वल्ह्यावरून ठिबकणारे थेंब.

"आई, जरा थांबा ना," केतकी म्हणाली.

मी वल्हं मांडीवर घेतलं.

"काल संध्याकाळपासून बाळ हललं नाहीये."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. होडी आपोआप हळूहळू तिरकी होत होती. मी तिला विचारलं, आणि हे आत्ता सांगतेस? माझा आवाज चढला होता. कुठे सांगणार होते, म्हणाली. सकाळी वाटलं हलेल. मग गाडीत सगळ्या होत्या. सगळ्या ऐकत होत्या.

"मागच्या वेळी सगळ्या आल्या होत्या, आई. मला परत तसं नकोय. तुम्ही कुणाला सांगू नका."

फुलांचा मुकुट तिच्या कपाळावर कलला होता. तोवर ती रडली नव्हती. आता डोळे भरले आणि तिने ते जॅकेटच्या खांद्याला पुसले. मी इतका वेळ हिच्यावर रागावून बसले होते, हिला हसता येत नाही म्हणून.

मोबाइल काढला. टेकडीमागे रेंज नव्हती, नुसती रिकामी खूण. परत फिरावं तर काठावर सगळं मंडळ गाणी घेऊन उभं. सुशीला तिथेच होती, पण तिला विचारायचं म्हणजे पाण्यावरून ओरडायचं. मी डोळे मिटले आणि सुशीला अशा वेळी काय सांगते ते आठवायचा प्रयत्न केला. मंडळात कुणाच्या ना कुणाच्या लेकीला ती सांगतच असते. डाव्या कुशीवर पडायचं. गोड काहीतरी खायचं. शांत राहून लक्ष द्यायचं. आणि त्यानेही झालं नाही तर घरी वाट बघत बसायचं नाही, उठून डॉक्टरकडे.

मी विचारलं, सकाळपासून काय खाल्लंस? चहा, ती म्हणाली. भीतीने काही गेलंच नाही.

मी दोन्ही वाट्यांवरची झाकणं काढली. पेढा कशात होता आणि बर्फी कशात, मी पाहिलंसुद्धा नाही. खा, म्हटलं, दोन्ही खा. तिने यंत्रासारखं खाल्लं. मग तिला गोधडीवर डाव्या कुशीवर वळवलं, आणि तशी होडी माझ्या उजवीकडे इतकी कलली की कडेवरून पाणी आत डोकावलं. मी पटकन डावीकडे सरकले, सगळं वजन डाव्या मांडीवर घेतलं आणि वल्हं आडवं धरून तशीच अवघडून बसले. ती त्या बाजूला, मी ह्या बाजूला. हलायचं नाही.

समोर बदकांचा एक थवा पाण्यावरून पलीकडच्या काठाकडे पोहत चालला होता. मी मनाशी ठरवलं, ती काठाला लागेपर्यंत थांबायचं. तेवढ्यात काही झालं नाही तर सरळ वल्हवत काठ, सुशीला, गाडी, इस्पितळ. मालूताईंच्या फोटोंचं जे व्हायचं ते होवो. हिला दिलेला शब्द मोडला तरी चालेल.

बदकं सावकाश चालली होती. मधेच थांबत होती, डोकं पाण्यात घालत होती. मला ती पोचायलाही हवी होती आणि नकोही होती. केतकीने डोळे मिटले होते. मी देवाला काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. नवस नाही बोलले. भांडले.

तेवढ्यात टेकडीच्या नाकावरून कंपनीची मोठी होडी आली. मोटार लावलेली, वर गाणं दणदणतंय, टी-शर्टवाली पोरं नाचतायत. तिच्या मागून लाटांची ओळ आमच्याकडे निघाली. कृष्णेत भोवऱ्यातून नाव काढताना नावाडी जे करायचे ते मला आठवलं. लाटेला कूस द्यायची नाही. मी वल्हं पाण्यात रोवून होडीचं टोक लाटेकडे फिरवलं. होडी वर गेली, खाली आदळली, पुन्हा वर. गार पाण्याचा हबका केतकीच्या अंगावर आला. तिने दोन्ही हातांनी कडा धरल्या.

एका पोराने ओरडून विचारलं, आंटी, सब ठीक है? मी म्हटलं, बिल्कुल ठीक है बेटा, गाना बंद करो और धीरे जाओ. माझ्या आवाजात काय होतं कोण जाणे, गाणं लगेच बंद झालं. मोटारही हळू झाली. होडी लांब गेली. आमची होडी डुलत डुलत शांत झाली.

मी बदकांकडे पाहिलं. ती काठाला लागली होती. एकेक करून चिखलावर चढत होती.

मी वल्हं उचललं. "चल बाळा," म्हटलं, "जाऊया."

"थांबा," केतकी म्हणाली.

तिने डोळे उघडले नाहीत. तशीच कुशीवर पडून हात लांब केला, माझं मनगट धरलं, आणि माझा हात ओढून आपल्या पोटावर ठेवला. लग्न होऊन एवढी वर्षं झाली, आम्ही दोघींनी कधी एकमेकींना असं धरलं नव्हतं. ती नमस्कार करायची, मी डोक्यावर हात ठेवायची, तेवढंच. माझा हात ओला आणि गार होता. मी तो काढून घेणार, एवढ्यात तळहाताखाली काहीतरी सरकलं. मग नीट, स्पष्ट, आतून कुणीतरी कोपर मारल्यासारखं. एकदा. मग पुन्हा.

मी रडले. होडीत हलायचं नाही म्हणून हलले नाही, पण रडले, आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता. केतकी हसत होती आणि तिच्या ओठांना पेढ्याचा चुरा लागला होता. "मारलं ना?" ती परत परत विचारत होती. "तुम्हालाही कळलं ना?"

कळलं गं बाई, मी म्हटलं. पण संध्याकाळच्या आत आपण डॉक्टरकडे जायचं, आणि सुशीलाला मी सांगणार. फक्त तिला. केतकीने मान डोलावली. नाही म्हणाली नाही.

पुन्हा काठ

परतताना मी इतक्या जोरात वल्हवलं की दुसऱ्या दिवशी मला वेणी घालता येईना. चार हात मारले की विचारत होते, हलतंय? ती म्हणायची, हलतंय.

टेकडीचं नाक वळलं आणि काठावर सगळ्या उभ्या दिसल्या. मालूताई पुढे, कॅमेरा घेऊन. गाणं सुरू झालं. कंपनीची पोरंही येऊन टाळ्या वाजवायला लागली. आमच्याकडे म्हणजे तिकडे महाराष्ट्रात हा बायकांचाच कार्यक्रम असतो, पण त्या दिवशी हरयाणातली निम्मी पोरं त्या डोहाळजेवणाला होती. त्यातला एक जण आमची होडी काठाला ओढायला गुडघाभर पाण्यात उतरला.

केतकीला दोघींनी धरून उतरवलं. साडी भिजलेली, मुकुट तिरका, गजरा पाण्यात गेलेला. मालूताईंनी तिला ओवाळलं आणि लगेच वाकून होडीतून वाट्या उचलल्या. एक उघडली. रिकामी. दुसरी उघडली. तीही रिकामी.

"अगं, दोन्ही खाल्लंत?" मालूताई म्हणाल्या. त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. एवढ्या वर्षांनी होडीतलं डोहाळजेवण झालं, आणि मुख्य गोष्टच राहिली. "आता आम्ही काय समजायचं? मुलगा आहे की मुलगी?"

केतकीने पोटावर हात ठेवला.

"आहे," ती म्हणाली. "एवढं समजा."

सगळ्या हसल्या. सुशीला हसली नाही. तिने केतकीकडे पाहिलं, मग माझ्या सुजलेल्या डोळ्यांकडे, आणि काही न विचारता पर्स उचलून ती गाडीकडे चालायला लागली.